चढावर श्वास सांभाळ

प्रिय बाय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. क्रॉस कंट्रीला, म्हणजे माळरानातल्या चढउतारांवरच्या लांब शर्यतीला, जिल्ह्यातून निवड झाली तेव्हा घरात पेढे वाटले आणि विभागाला जाऊन एकेचाळिसावी आले, आता पळणं सोडू की सराव दुप्पट करू, असं विचारलंयस. दोन्ही नको. तुझ्या पायांत काही कमी नाही. शर्यत कशी पळायची, तेवढं अजून शिकायचं आहे.

पहिल्या पाचशे मीटरला आपण पहिल्या दहात होतो, असं तू अभिमानाने लिहिलंस. माझ्या मते शर्यत तिथेच हातातून गेली. शिट्टी झाली की सगळ्या सुसाट सुटतात, कारण मैदान संपून वाट अरुंद झाली की पुढे घुसायला जागा मिळत नाही. ही भीती खरी आहे, म्हणून सुरुवातीला थोडं जोरात जावंच लागतं. पण गर्दीत आपली जागा मिळाली की लगेच श्वासावर यायचं. पहिल्या अर्ध्या अंतरात दोन-तीन शब्द तरी बोलता आले पाहिजेत. तेही जमत नसतील तर तू शेवटच्या चढाची ताकद आधीच खर्च करते आहेस.

वेळेचं म्हणशील तर ते मनावर घेऊ नकोस. जिल्ह्याच्या वेळेपेक्षा विभागाची वेळ दीड मिनिटाने वाढली म्हणून तू रडलीस, पण मैदान वेगळं, चढ वेगळे, माती वेगळी. क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रमाची नोंदच ठेवत नाहीत, ती याच कारणाने. इथे मोजतात तो क्रमांक. जागतिक स्पर्धेत देशाच्या संघातून सहा जण पळतात, त्यांतल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. म्हणजे चौथ्या धावपटूने शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिघांना मागे टाकलं तर तेवढ्यावर पदक इकडचं तिकडे होऊ शकतं. एकेचाळिसाव्या जागेवरून अडतिसावं होण्यासाठी जीव काढणं म्हणूनच फुकट जात नाही. ही सवय आत्तापासून लाव.

आता चढाबद्दल, कारण ते तुझं बलस्थान होऊ शकतं. तुझ्या घरामागून खाडीकाठची वाट वर सड्यावर, कातळाच्या पठारावर जाते. रोज शाळेला जाताना तू ती चढतेस, पण कधी ती पळून नीट पाहिली आहेस का? चढावर वेग कमी होऊ दे, श्वास मात्र सपाटीवर होता तसाच ठेव. पावलं आखूड टाक, हात मागे ढकल, नजर आठ-दहा पावलं पुढे ठेव. आणि माथ्यावर पोचल्यावर थांबायचं नाही. बहुतेक मुली तिथे हुश्श करतात. तू पुढची वीस-पंचवीस पावलं तशीच रेट, निम्म्या जणी तिथेच मागे पडतात. हे मी इतक्या शर्यतींत पाहिलंय की डोळे मिटून सांगते. उतरताना मागे रेलून पायांनी ब्रेक लावू नकोस. जांभ्याची सुटी खडी असली तर पावलं आणखी लहान आणि भराभर पडू देत.

सड्यावर पळताना एक सांभाळ. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकायचंही नाही. आणि कुठे कातळशिल्पं असतील तर लांबून वळसा घे. हजारो वर्षं टिकलेल्या रेघांवर आपले बूट नकोत.

पुळणीवर आठवड्यातून एकदा पुरे. ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पोटऱ्या फार भरून येतात. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाशील तितकंच त्याच पट्ट्याने परत ये, नाहीतर एकाच पायावर भार पडतो.

साताऱ्याच्या मुली दमल्याच नाहीत, असं तुला वाटलं. त्यांच्यातल्या माण तालुक्याच्या मुलींकडे नीट बघ. ललिता बाबर त्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती दहावी आली. तिकडची हवा कोरडी, घाम चटकन वाळतो आणि अंग गार होतं. आपल्याकडे घाम नुसता गळत राहतो, वाळतच नाही, म्हणून ऑक्टोबरात सकाळी आठलाही अंग तापतं. उन्हाने भल्याभल्यांना आडवं केलंय. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीला ३८ जण सुटले आणि १५ जणच पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून काढूनच टाकली. तेव्हा उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात उजाडता उजाडता पळून घे. आल्यावर मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचं सरबत घे.

सराव दुप्पट करायचं डोक्यातून काढ. तू चौदा वर्षांची आहेस, हाडं अजून वाढतायत. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखायला लागलं आणि दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर पळणं बंद, सरळ डॉक्टर. दात-ओठ खाऊन पळण्यात काही शौर्य नाही. अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्री पळता पळता स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं, आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलं. चौदाव्या वर्षी त्याला कोणी ओळखतही नव्हतं.

एक गोष्ट मुलींशी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पाळी सुरू होऊन नियमित झाली असेल आणि सराव वाढल्यावर दोन-तीन महिने आलीच नाही, तर बरं झालं, कटकट गेली, असं समजू नकोस. बरेचदा शरीराला खाणं पुरत नसतं. आईला सांग. सतत थकवा असेल तर रक्त तपासून घ्या. घरात तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) असतात, पालेभाज्या असतात, नाचणी असते. तिसऱ्यांतून लोह चांगलं मिळतं, वर लिंबू पिळलं की ते अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र नको. बारीक असलीस की वेगात पळशील, असं कोणी मैदानावर म्हणालं तर ऐकून सोडून दे, आणि कोण म्हणालं ते मला सांग.

येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे का, ते मच्छीवाल्या काकांना विचारून ठेव. असली तर साडेसहाला पुळणीवर ये, नसली तर घाटीच्या पायथ्याशी. जुनेच बूट आण. नवे घ्यायची घाई नको, आधी तुझा पाय कसा पडतो ते मला बघायचंय. आणि आईला बरोबर आण, जेवणाचं मला तिच्याशीच बोलायचं आहे.

तुझ्या
बाई