आजोबांच्या रेडिओतून गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर होईल का?

फोंड्याहून तुम्ही विचारले आहे की, घरातल्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून आहे, सोल्डरिंगची सवय आहे, तर त्याच रेडिओतून गिटारसाठी लहान अ‍ॅम्प्लिफायर करता येईल का, आणि आला तर त्याची घरघर कशी टाळावी. तुम्ही व्हॉल्व्हवरची अक्षरे लिहून पाठवलीत हे फार बरे केले, कारण उत्तराचा पहिला भाग त्या अक्षरांतच आहे.

यूएल८४ आणि यूवाय८५ या नावांतला पहिला ‘यू’ सांगतो की या व्हॉल्व्हांचे हीटर (त्यांना आतून तापवणाऱ्या तारा) १०० मिलीअँपिअर प्रवाहावर एकापुढे एक जोडायचे आहेत. यूएल८४ च्या हीटरला ४५ व्होल्ट लागतात, यूवाय८५ ला ३८, आणि उरलेल्या व्हॉल्व्हांची बेरीज करून मेन्सचाच दाब त्यांच्यात वाटून घेतला जातो. डीसी वीज असलेल्या ठिकाणीही चालावेत म्हणून असे संच केले जात, त्यामुळे त्यांत मेन्सपासून अलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिस, म्हणजे सगळे बसवलेला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तीच चेसिस फेजवर येते. रेडिओला लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकच्या खुंट्या असल्यामुळे हे निभावत असे. गिटारच्या तारा मात्र केबलच्या जाळीतून चेसिसलाच जोडलेल्या असतात, म्हणजे २३० व्होल्ट थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत. एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून हा धोका दूर करता येतो, परंतु तेवढ्याच खर्चात योग्य मेन्स ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळत असल्यामुळे मी तो मार्ग सुचवणार नाही. त्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) हाही जमणार नाही, कारण यूएल८४ ला लागणारा भार मी खाली सुचवलेल्या ६व्ही६ या व्हॉल्व्हच्या भाराच्या सुमारे निम्मा असतो. रेडिओ आहे तसा जपून ठेवा.

नव्याने करायचे तर फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्प या लहान गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे ५एफ१ हे सर्किट घ्या. त्यात एक १२एएक्स७, एक ६व्ही६जीटी आणि एक ५वाय३जीटी रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) एवढे तीनच व्हॉल्व्ह, एक व्हॉल्यूम आणि जेमतेम पाच वॅट. पाच वॅट कमी वाटतात, पण दहा वॅटशी त्यांचा फरक फक्त तीन डेसिबलचा आहे, आणि दहा इंची चांगल्या स्पीकरवर शेजारी विचारायला येतील इतका आवाज निघतो. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, त्यामुळे जुन्या साठ्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ सापडला तर तोही चालेल. सिग्नलच्या मार्गातले घटक इतके थोडे आहेत की चुका तिथे क्वचितच होतात. कोणत्या ब्रँडचा कपॅसिटर ‘गोड’ वाजतो यावर लोक महिने घालवतात. माझ्या मते तो सगळा वेळ वीजपुरवठा आणि अर्थिंग यांवर घालवावा.

मूळ आराखड्यातला मेन्स ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ व्होल्टचा आहे. बार्देशातल्या माझ्या घरी मी मेन्सचा दाब मोजला तेव्हा संध्याकाळी २१५ आणि मध्यरात्रीनंतर २४३ व्होल्ट दिसला. २२० व्होल्टच्या प्रायमरीवर, म्हणजे मेन्सकडच्या गुंडाळीवर, २४० आले की सगळे आकडे नऊ टक्क्यांनी वाढतात: हीटरचे ६.३ व्होल्ट ६.८७ होतात, म्हणजे दहा टक्के सवलतीच्या अगदी कडेला, आणि उच्च दाब त्याहून त्रासदायक ठरतो. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ ला अधिक वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात प्रवाह ओढणारे कोणीच नसल्यामुळे फिल्टर कपॅसिटरवर (डीसी सपाट करणाऱ्या) शिखर दाब, म्हणजे ३२५ चे ४६० आणि वाढलेल्या मेन्सवर ५०० व्होल्ट चढतात. ४५० व्होल्टचे कपॅसिटर तिथे फार दिवस टिकत नाहीत. म्हणून २४० व्होल्ट प्रायमरी, २७५-०-२७५ सेकंडरी आणि ५०० व्होल्टचे कपॅसिटर असे मागा. अमेरिकेतून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर मागवू नका. ५० हर्ट्झवर त्याचा गाभा संपृक्त होऊन तो तापतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५००० ओहमचा आठ ओहमला, म्हणजे वेढ्यांचे गुणोत्तर २५ ला एक. प्रायमरीला १२ व्होल्ट एसी दिले की सेकंडरीवर ०.४८ व्होल्ट यायला हवे. ही तपासणी दुकानातच करून घ्या. त्याच्या गाभ्यात हवेची फट हवी, कारण प्रायमरीतून सतत सुमारे ३५ मिलीअँपिअर डीसी वाहतो. माझ्या पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या कारागिराने सवयीप्रमाणे आलटून-पालटून भरल्या होत्या, फट नव्हतीच. खालच्या तारा अशा वाजत होत्या की गिटार पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे असे वाटावे. दोन महिने मी दोष व्हॉल्व्हमध्ये शोधत होतो.

आता अर्थिंग. चिऱ्याच्या सड्यावर बांधलेल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे काय आहे ते कोणी पाहिलेले नसते. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले म्हणजे अर्थ चांगला, असे समजू नये. मीटर इतका किंचित प्रवाह घेतो की कोरड्या खड्ड्यातला गंजलेला पाइपही त्याला पुरतो. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, तेही एप्रिल-मेमध्ये, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीचे माप नेहमीच सुखावणारे येते. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह दिसताच वीज तोडणारा स्विच, बसवा. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मेन्सची अर्थ तार चेसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट जोडायची आणि ती कोणत्याही कारणाने, घरघर कमी होते म्हणूनसुद्धा, काढायची नाही.

घरघरीचे निदान कानाने होते. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ असल्यामुळे फिल्टर अपुरा असेल तर १०० हर्ट्झचा आवाज येतो, जो सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी स्वराच्या अगदी जवळ आहे. त्याच्या सप्तकभर खालचा आवाज आला तर दोष हीटरच्या तारांत किंवा अर्थच्या वेटोळ्यात शोधावा. हीटरच्या तारा घट्ट पिळून कोपऱ्याकोपऱ्याने न्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या गुंडाळीला मध्यबिंदू नसल्यास दोन १०० ओहमच्या रेझिस्टरांनी तो तयार करा.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सला सिरीजमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी नव्हे. बल्ब लखलखीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. स्पीकर जोडल्याशिवाय एक क्षणही चालवू नका. किंचाळी उठली तर फीडबॅकची (आउटपुटचा जो अंश मागे आणलेला असतो त्याची) दिशा उलटी आहे; आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा अदलाबदल करा. नंतर बल्ब काढून ६व्ही६ च्या कॅथोडवरचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरचा) दाब मोजा. ४७० ओहमवर १८ व्होल्ट म्हणजे ३८ मिलीअँपिअर; त्यातले सुमारे तीन स्क्रीन या मधल्या जाळीचे वजा करून उरलेल्या ३५ ला प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारे टोक) आणि कॅथोड यांच्यामधल्या ३०० व्होल्टने गुणले की १०.५ वॅट येतात, जे १२ च्या मर्यादेत आहे. जास्त आले तर कॅथोडचा रेझिस्टर वाढवा. फिल्टरवर २२० किलोओहम, दोन वॅटचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर, कायमचा ठेवा. कपॅसिटर मिळून ५० मायक्रोफॅरडच्या आसपास असतील तर बंद केल्यावर मिनिटभरात ते रिकामे होतात. तरी दोन मिनिटे थांबून, मीटरने पाहूनच आत हात घाला. ब्लीडरचा डाग सुटलेला असू शकतो.

घटकांसाठी फायबरचा (दाबलेल्या कागदी तंतूंचा) बोर्ड नको, ग्लास-एपॉक्सीचा घ्या. आपल्या पावसाळ्यात फायबर ओल धरतो आणि ६व्ही६ च्या ग्रिडवर (सिग्नल येतो त्या जाळीवर) नकळत धन दाब झिरपून व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. ग्रिडवर डीसी जवळजवळ शून्य हवा. तो दोन-तीन व्होल्ट दिसला तर कपलिंग कपॅसिटर (दोन व्हॉल्व्हांमधला, सिग्नल पुढे नेणारा) किंवा बोर्ड यांपैकी एक गळतो आहे. याच कारणाने रेडिओतले जुने कागदी कपॅसिटर वापरू नका. चेसिस अ‍ॅल्युमिनियमची ठेवा, ट्रान्सफॉर्मरला वार्निश मारून घ्या, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा अर्धा तास अ‍ॅम्प्लिफायर वाजवा. माझा संच आठ पावसाळे असाच कोरडा राहिला आहे, फक्त जॅकच्या खाचा वर्षातून एकदा साफ कराव्या लागतात.