डेटाबेसच्या टेबलातली मधली रो (ओळ) डिलीट केली की क्रमांक तुटतो, सलग कसा ठेवू?

आयडीला, म्हणजे रोच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, हात लावू नका, दुसरी टेबलं त्यावर अवलंबून असतात. क्रमासाठी वेगळा कॉलम घ्या आणि त्यात १, २, ३ नको, १०, २०, ३० भरा. पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांचं टेबल समजा: जोगेश्वरी १४०, गोरेगाव १५०. २०१६मध्ये मधे राम मंदिर स्टेशन आलं. त्याला १४५ द्या, बाकी कुणाला हलवायला नको.

स्क्रीनवर सलग आकडे हवेत ना? मग ते साठवूच नका, डेटा मागवणाऱ्या क्वेरीतच रो नंबर फंक्शनने काढा. माझं मत ठाम आहे, निम्मी डोकेदुखी इथेच संपते. साठवायचेच असतील, तर डिलीट आणि पुढच्या सगळ्या रोंच्या क्रमांकातून एक वजा करणारं अपडेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही. कॉलम युनिक असेल, म्हणजे एकच आकडा दोनदा चालत नसेल, तर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ते अपडेट चढत्या क्रमाने चालवा, नाहीतर मधेच डुप्लिकेटचा एरर येऊ शकतो.