गाणी डब्यात पडून आहेत, दुसरीकडे गाता येईल का?

प्रश्न : टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत मी अंतिम फेरीपर्यंत गेले. पहिल्या भागाच्या चित्रीकरणाआधीच निर्मिती कंपनीने पाच वर्षांच्या करारावर सही घेतली. कंपनी माझी तीन गाणी काढणार आणि तोवर मी दुसऱ्या कुणासाठी गाणार नाही, असं ठरलं. साडेतीन वर्षं झाली. एक गाणं आलं, दोन रेकॉर्ड होऊन पडून आहेत. त्यातलं एक मीच लिहिलंय, चालही माझीच. फोन केला की ‘बघू’ म्हणतात. आता एका संगीतकारांनी चित्रपटासाठी विचारलंय. करारात 25 लाखांचा दंड आहे, शिवाय मुदत संपल्यावरही दोन वर्षं प्रत्येक ऑफर आधी कंपनीला दाखवायची अट आहे. मी गाऊ का?

उत्तर : संगीतकारांना आजच होकार कळवू नका, एवढं आधी सांगते. कराराची दीड वर्षं बाकी आहेत, आणि चालू मुदतीतली ‘दुसरीकडे काम करणार नाही’ ही अट आपली न्यायालयं सहसा वैध धरतात. करार कायद्याच्या (1872) कलम 27 मुळे व्यवसायाला आडकाठी करणारी प्रत्येक अट बाद होते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्याचा खरा उपयोग होतो तो मुदतीनंतरच्या बंधनांविरुद्ध. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या करारात तुमच्यासारखीच अट होती : मुदत संपल्यावर नवा प्रस्ताव आला तरी पहिली संधी जुन्या कंपनीला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतीनंतर लागू करता येणार नाही, असं म्हटलं. तेव्हा त्या दोन वर्षांची काळजी सोडा.

प्रश्न आहे तो उरलेल्या दीड वर्षाचा. ‘कंपनीसाठी गाच’ असा हुकूम न्यायालय देत नाही, पण ‘दुसरीकडे गाऊ नको’ अशी मनाई देऊ शकतं. हे तत्त्व एका गायिकेच्याच खटल्यातून रुजलं. 1852 मध्ये लंडनला योहाना वॅग्नर एका नाट्यगृहाशी करार करून जास्त पैशांसाठी दुसरीकडे निघाल्या आणि न्यायालयाने त्यांना तिथे गायला मनाई केली. आपल्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या (1963) कलम 42 मध्ये तीच तरतूद आहे. मात्र तिच्या शेवटी एक परंतुक आहे : मनाई मागणाऱ्याने करारातली स्वतःची जबाबदारी पाळण्यात कसूर केलेली नसावी. तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं राहू शकतं.

म्हणून करार काढा आणि गाणी प्रसिद्ध करण्याचं कलम शब्द न् शब्द वाचा. तिथे ‘शॅल रिलीज’ असेल तर कंपनी बांधलेली आहे. ‘मे रिलीज, ॲट इट्स सोल डिस्क्रिशन’ असेल तर ‘आमची मर्जी’ म्हणायला त्यांना वाव राहतो आणि तुमची वाट अवघड होते. असे करार चित्रीकरणाच्या गडबडीत समोर येतात, कलाकाराला ते वकिलाला दाखवायलाही वेळ मिळत नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, पण ‘न वाचता सही केली’ या मुद्द्यावर न्यायालयात फारसं काही मिळत नाही. भर द्यायचा तो कंपनीने काय केलं नाही, यावर.

आणि ते कागदावर हवं. फोनवरच्या ‘बघू’चा पुरावा राहत नाही. वकिलामार्फत स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस पाठवा. गाणी कधी रेकॉर्ड झाली, तुम्ही कधी कधी विचारणा केलीत हे तारखांसह लिहा. तीस दिवसांत प्रसिद्धीची निश्चित तारीख कळवा, नाहीतर कंपनीने करार मोडला असं समजून तो संपुष्टात आणू, असं स्पष्ट बजावा. व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश पुसू नका. करारात लवादाची अट असेल तर भांडण आधी तिकडे जाईल. मात्र एकमेव लवाद कंपनीच एकतर्फी नेमणार, असं तिथे लिहिलेलं असेल तर त्याला हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशी नेमणूक चालणार नाही, असं ठरवलं आहे.

25 लाखांचा आकडा मुख्यतः घाबरवण्यासाठी असतो. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, ती आपोआप मिळत नाही.

तुम्ही लिहिलेल्या गाण्याचं वेगळं. रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं असेल, पण शब्द आणि चाल यांचे हक्क मुळात तुमचे. ते कंपनीला लिहून दिले असतील आणि त्या तारखेपासून एका वर्षात कंपनीने वापरले नसतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) नुसार ते हस्तांतरण आपोआप संपतं. अपवाद एकच, करारात वेगळं काही लिहिलेलं असणं. कंपन्यांचे वकील बहुधा ‘कलम 19(4) लागू होणार नाही’ असं एक वाक्य घालून ठेवतात, ते शोधा. ते वाक्य असलं तरी गीतकार आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा वाटा शाबूत आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो कंपनीला सोडून देता येत नाही, तसं लिहून दिलं असलं तरीही.

नोटिशीची मुदत संपेपर्यंत चित्रपटाचं गाणं रेकॉर्ड करू नका, चाचणीचा ट्रॅकसुद्धा नको. संगीतकारांना मात्र या कराराबद्दल आत्ताच सांगा. तुम्हाला करार मोडायला लावलं म्हणून कंपनी त्यांच्यावर आणि निर्मात्यावरही दावा लावू शकते. थांबायची तयारी असेल तर तसं त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. कंपनीच्या अडवणुकीमुळे हे काम गेलंच, तर नुकसानभरपाई मागताना तोच ईमेल पुरावा म्हणून लागेल.