मागे दोन स्लॅब पडले, पुढे वाडा तिथेच: काम रेंगाळलंय का?

ताई, इंदूरच्या मल्हारगंजातल्या तुमच्या वाड्याचा मागचा पडका भाग पाडून तिथे तीन मजली आरसीसी चाललंय. पाच महिन्यांत दोन स्लॅब झाले, पुढच्या जुन्या खणांत (दोन खांबांमधल्या भागांत) मात्र एकाच खोलीचा चुन्याचा गिलावा. भाऊ चिडलेत. ठेकेदार म्हणतो, पुढेही सिमेंट मारू, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं जुनं छत) काढून स्लॅब टाकू, दिवाळीत राहायला या. आणि जुन्या-नव्याच्या सांध्याजवळ भेग दिसतेय. जुन्या इंदुरात आमच्या घराचं असंच काम मी करून घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

काम मागे पडलेलं नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने धरतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत घट्ट होत जातो, त्याला महिने लागतात. श्रावणातल्या ओल्या भिंतीत तर जास्तच. तुमच्या मिस्त्रीने चुना विरवून मुरत ठेवला, ते दिवस भावांना रिकामे वाटले असतील. तेही कामच होतं.

सिमेंटला ठाम नाही म्हणा. आमच्या माजघराची एक भिंत मी ठेकेदाराच्या आग्रहाने सिमेंटने करू दिली. दोन पावसाळ्यांत कमरेपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला. जुनी भिंत जमिनीतली ओल पिते, चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद झाली की ओल वर चढते, आणि क्षार विटेच्या तोंडाशी साचून तिचा भुगा करतात. पुढे तो गिलावा छन्नीने काढला तेव्हा त्याच्याबरोबर विटांची तोंडंही निघाली. त्या भिंतीचं मला आजही वाईट वाटतं. चुन्यावर प्लॅस्टिक पेंटही नको, चुन्याचीच सफेदी द्या.

मला खरी काळजी भेगेची वाटते. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या भिंतीलगत नव्या पायाची खोदाई झाली, त्यात स्लॅबवर रोज पाणी मारलं. ते पाणी कुठे गेलं, हे उद्याच बघा. जुन्या भिंतीच्या पायाशी मुरत असेल तर आधी नाली काढून दूर न्या. मग भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. फाल्गुनापर्यंत भेग बुजवू नका. पट्टी आठवडाभरातच तडकली, तर जुन्या इमारतींवर काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा.

नव्या बीमची सळई जुन्या भिंतीत घातली आहे का, हेही विचारा. दोन्ही इमारती आपापल्या पायांवर मोकळ्या उभ्या राहायला हव्यात. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात आरसीसी चौकटीसाठी दोन भागांमध्ये मजल्यामागे २० मिलिमीटर फट सांगितली आहे, म्हणजे तुमच्याकडे ६०. फटीवर वरून पत्र्याची पट्टी बसवा, पण ती एकाच बाजूला ठोका, नाहीतर फट ठेवून उपयोग नाही.

आता कडीपाट. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. ते सागवानी खांब आणि मातीत रचलेल्या विटांवर घालायचं? आपल्या इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. जड खाली, हलकं वर, हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या-नव्या भागांच्या फरशीची पातळी जुळत नसेल तर मध्ये दोन पायऱ्या घ्या. त्याआधी तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं उघडून बघा. लाकूड मध्ये ठणठणीत आणि टोकाला कुजलेलं, असं फार वेळा निघतं. तेवढं टोक कापून नवं सागवान जोडता येतं, अख्खी तुळई बदलावी लागत नाही.

हिशेबही वेगळे करा. मागचं बिल स्लॅबप्रमाणे, पुढचं खणाप्रमाणे, आणि जुन्या कामाला शक्यतो वेगळा मिस्त्री. एकाच ठेक्यात दोन्ही असलं की पैसे मिळतात स्लॅबवर आणि घाई होते वाड्यात. दिवाळीला मागच्या भागात खुशाल राहायला जा. पुढचे खण पुढच्या वर्षी.

तुळयांची टोकं उघडली की फोटो टाका, वाळवी आहे की नुसती ओल, ते बघून सांगतो.