इनोव्हेशन लॅबसाठी पहिलं मशीन कोणतं?

वाचकांचे प्रश्न : डिझाइन आणि उत्पादन तंत्र

प्रश्न : आमची भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी आहे. संचालकांनी 'इनोव्हेशन लॅब' काढायला मंजुरी दिली असून मेटल थ्रीडी प्रिंटरचं कोटेशनही मागवलं आहे. सुरुवात त्यानेच करावी का?

उत्तर : मेटल प्रिंटर आत्ता घेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगू. नुसतं मशीनच कोटींच्या घरात जातं. शिवाय आरगॉन वायूची लाइन, छपाईला लागणारी धातूची पावडर चाळायची व्यवस्था, भट्टी, ज्या प्लेटवर छपाई होते तिच्यावरून जॉब (तयार भाग) सोडवायला वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणारं मशीन) आणि या सगळ्याला पूर्णवेळ जुंपलेला एक माणूस लागतो. अॅल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर स्फोट होऊ शकतो, आणि तिला लागलेल्या आगीवर पाणी मारायचं नसतं. ही जबाबदारी पहिल्याच वर्षी अंगावर घेण्याचं कारण नाही. धातूचे चार-सहा नमुने बाहेरून जॉबवर्कने करून घ्या.

स्वतःकडे बंद चेंबरचे दोन एफडीएम प्रिंटर (प्लास्टिकची तार वितळवून नोझलमधून थरावर थर सोडणारे), ती तार म्हणजे फिलामेंट वाळवायचा ड्रायर, सरफेस प्लेट, हाइट गेज, पिलर ड्रिल, भोक नेमक्या मापाला आणणारे रीमर, टॅपचा संच आणि टोक बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न ठेवा. प्रिंटर एकटा काही कामाचा नाही, हे डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कलाही ठाऊक होतं. सॅन फ्रान्सिस्कोत ९ क्रमांकाच्या धक्क्यावर कंपनीने २०१३ मध्ये कार्यशाळा उघडली, तेव्हा प्रिंटरच्या जोडीला धातुकाम आणि सुतारकामही तिथेच ठेवलं.

पहिली कामं लाइनवरच सापडतील. एक शिफ्ट ऑपरेटरशेजारी उभे राहा. जॉब हाताने दाबून कुठे धरावा लागतो, उलटा बसण्याची भीती कुठे आहे, मोजायला कुठे थांबावं लागतं, ते लिहून घ्या. वीस कामांची यादी सहज होईल.

समजा, ब्रॅकेटवर ८ मिमीचं भोक पाडायला ड्रिल गाईड हवं आहे. बॉडी एबीएस किंवा एएसए या प्लास्टिकमध्ये छापा. पीएलए हे प्लास्टिक नुसता आकार बघायला ठीक आहे; साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, उन्हात उभ्या टेम्पोत ठेवलं तरी वाकतं. ड्रिल थेट प्लास्टिकमधून चालवू नका, भोक दिवसभरात मोठं होतं. ८ मिमीच्या ड्रिलसाठी बाहेरून १२ मिमीचा कडक केलेला बुश (ड्रिलला वाट दाखवणारी स्टीलची नळी) मिळतो. तो बसवायचं बॉडीतलं भोक ११.७ ला छापून रीमरने १२ वर आणा, कारण एफडीएममध्ये भोकं बहुधा लहानच येतात. बुश दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा. स्क्रू लॉक करायचा अॅनारोबिक गोंद इथे चालत नाही, त्याने एबीएस तडकतं. जॉब टेकण्याच्या जागी स्टीलच्या डॉवेल पिना घाला. डेटम (माप जिथून धरायचं ती जागा) प्लास्टिकवर सोडलात तर महिन्याभरात माप हलेल.

ताकदीसाठी इनफिल (आतल्या पोकळीतला भराव) शंभर टक्के करायची सवय मोडा. ०.४ च्या नोझलने पाच भिंती आणि ३० ते ४० टक्के इनफिल बहुतेक फिक्श्चरला (जॉब धरून ठेवणाऱ्या साधनाला) पुरतं. थरांची दिशा त्याहून महत्त्वाची आहे. जॉब एफडीएममध्ये फुटतो तो बहुतेक वेळा थरांच्या मधून, म्हणून क्लॅम्पचा ताण थर उलगडेल अशा दिशेने येऊ देऊ नका. आणि प्रत्येक फिक्श्चरवर ड्रॉइंग नंबर व रिव्हिजन उठावात छापा. नवी रिव्हिजन देताना जुनं परत घेतलंच पाहिजे. दोन्ही लाइनवर राहिली तर चुकीचा माल पॅक होतो आणि दोष प्रिंटरला लागतो.

प्रश्न : पावसाळा लागल्यापासून आमचे नायलॉनचे प्रिंट खरखरीत येतात आणि नोझलमधून टिकटिक आवाज येतो. नोझल बदलली, तरी फरक नाही.

उत्तर : नोझलचा काही दोष नाही, फिलामेंट ओलं आहे. नायलॉन हवेतलं पाणी भराभर ओढतं. अडीचशे अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते, तीच फुटताना ऐकू येते. नोझल हवेत धरून दोनेक सेंटिमीटर तार काढा आणि भिंगातून बघा, बुडबुडे दिसतील.

रीळ ८० अंशांवर ८ ते १२ तास वाळवा. घड्याळापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा : आधी वजन करा, मग दर दोन तासांनी करा, आणि घट थांबली की वाळलं समजा. किलोभर रिळातून वीस-पंचवीस ग्रॅम पाणी निघालं तरी नवल मानू नका. स्वस्त प्लास्टिकचं रीळ ८० अंशांना वाकतं, ते आधी तपासा. छपाई ड्रायरमधूनच चालू ठेवा. लांबलचक प्रिंटच्या वेळी रीळ उघड्यावर टांगलं तर सकाळी वाळवलेलं संध्याकाळपर्यंत पुन्हा बिघडतं.

तयार जॉबही पाणी पितो आणि किंचित फुगतो, म्हणून गेज नायलॉनचं करू नका. मात्र बिजागरी किंवा क्लिप असेल तर हेच पाणी उपयोगी पडतं. नायलॉन अगदी कोरडं असताना ठिसूळ असतं. तीन-चार दिवस हवेत राहिलं की चिवट होतं.

प्रश्न : जनरेटिव्ह डिझाइनने (भार सांगितले की सॉफ्टवेअरच आकार सुचवतं, त्या पद्धतीने) हाडासारखा ब्रॅकेट मिळाला. अॅल्युमिनियममध्ये छापून घेतला, पण बिल्ड प्लेटवरून कापल्यावर तो वाकला आणि भोकं जुळली नाहीत. चूक कुठे झाली?

उत्तर : बहुधा ताण काढण्यापूर्वीच कापला. लेझर प्रत्येक थर वितळवतो आणि तो लगेच थिजतो, त्यामुळे आत ताण साठतो. प्लेट त्याला धरून ठेवते. कापलं की तो मोकळा होतो आणि जॉब वळतो. नेहमीचं एएलएसआय१०एमजी हे अॅल्युमिनियमचं मिश्रधातू असेल तर प्लेटसकट साधारण ३०० अंशांवर २ तास ठेवून मगच वायरकटला द्यायचं, हे ऑर्डरमध्येच लिहा. महत्त्वाची भोकं छापून पूर्ण मापाला आणू नका. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर जादा धातू ठेवून शेवटी मशीनिंग करा. त्या वेळी जॉब पकडायला सपाट जागा लागते. हाडासारख्या आकारात ती मिळत नाही, म्हणून डिझाइनमध्येच दोन कान ठेवा आणि काम झालं की कापून टाका.

सॉफ्टवेअरला दिलेले भारही पुन्हा तपासा. ते फक्त सांगितलेल्या भाराला पुरेल एवढंच मटेरियल ठेवतं. खड्ड्यातला धक्का, फिटरने पाना घसरवून दिलेला आडवा जोर, ट्रॉलीवरून पडणं हे सांगितलं नसेल तर तिथली काडी बारीक होणारच. जनरल मोटर्सने ऑटोडेस्कबरोबर २०१८ मध्ये सीटचा ब्रॅकेट असाच केला होता. आठ भागांचा एक झाला, वजन ४० टक्क्यांनी घटलं आणि ताकद २० टक्क्यांनी वाढली. पण शक्यता दाखवण्यासाठी केलेला तो नमुना होता. तुमचा ब्रॅकेट गाडीवर जाणार असेल तर खडबडीत पृष्ठभागासकट फटीगची (पुन्हापुन्हा ताण देऊन करायची) चाचणी घेतल्याशिवाय बसवू नका.

प्रश्न : रेझिन प्रिंट धुतलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. त्यात कच्चं, म्हणजे प्रकाशाने अजून कडक न झालेलं, रेझिन विरघळलेलं असतं. ते कातडीला आणि पाण्यातल्या जीवांना अपायकारक आहे. झाकणाच्या डब्यात साठवून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. हातात नायट्राइलचे मोजे घाला, लेटेक्सचे नकोत. रेझिन पुसलेले कागदही ओले असताना कचऱ्यात टाकू नका, आधी उन्हात ठेवून पूर्ण कडक होऊ द्या.