‘ट्वायलाइट’ला मराठीत ‘तिन्हीसांज’ म्हटले तर चालेल का?

‘ट्वायलाइट’ म्हणजे संधिप्रकाश, आणि तो दिवसातून दोनदा येतो, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर. त्यामुळे सरसकट ‘तिन्हीसांज’ मुळीच चालणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद केला होता. त्यात कोळी सूर्य उगवण्याआधी होड्या पाण्यात लोटतात असा प्रसंग होता आणि तिथे मी ‘संधिप्रकाश’ लिहिले होते. संपादकांना तो शब्द भूगोलाच्या पुस्तकातला वाटला, म्हणून त्यांनी मला न विचारता सगळीकडे ‘तिन्हीसांज’ केले. परिणामी छापील पुस्तकात माणसे तिन्हीसांजेला समुद्रावर निघाली आणि पुढच्याच ओळीत पूर्वेला सूर्य वर आला. मी हरकत घेतली तेव्हा ‘वाचकाला भाव कळतो’ असे उत्तर मिळाले.

भाव नेमका तिथेच बिघडतो. तिन्हीसांज म्हटले की मला कोकणातल्या आमच्या घराच्या ओटीवर बसून कंदिलाची काच राखेने पुसणारी आजी दिसते. एकदा वात लागली की केर काढायचा नाही, उंबरठ्यावर बसायचे नाही, आणि आम्ही मुलांनी हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायचे. ती वेळ दिवेलागणीची आहे. कातरवेळेत हुरहुर आहे, गोरज मुहूर्तात घरी परतणाऱ्या गुरांच्या खुरांची धूळ आहे. पहाटेसाठी ‘झुंजुमुंजु’ आणि ‘फटफटणे’ असे खणखणीत शब्द असताना संध्याकाळचा शब्द तिकडे ओढण्याचे कारण काय?

इंग्रजीत रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा संध्याकाळसाठीच येतो, हे मात्र मान्य करायला हवे, आणि तिथे घरदार, देवघर असेल तर ‘तिन्हीसांज’ शोभते. तरीही आपल्याकडे मावळलेला सूर्य 20 ते 25 मिनिटांत क्षितिजाखाली 6 अंशांवर जातो आणि दिवा लावावाच लागतो, तर जूनमधल्या लंडनमध्ये त्यालाच सुमारे पाऊण तास लागतो आणि रात्रभर पुरता काळोख होत नाही. त्या रेंगाळणाऱ्या उजेडाला मी आजही ‘संधिप्रकाश’च लिहीन. उतारवयाच्या अर्थाने शब्द आला असेल तर ‘आयुष्याची संध्याकाळ’ लिहावे.

तुमचा मजकूर छापला जाणार असेल, तर शेवटचे मुद्रित स्वतः तपासण्याची अट आधीच लेखी घालून घ्या. मी ती घातली नव्हती.