दिवाळखोरीत कापलेला पगार : कोर्ट, संप की करार?

प्रश्न : मी डॅलसला एका छोट्या अमेरिकी विमान कंपनीत को-पायलट आहे. कंपनी दिवाळखोरीत होती तेव्हा युनियनने पगारकपातीवर सही केली आणि माझा जवळपास तिसरा हिस्सा पगार गेला. आता कंपनी नफ्यात आहे, पण वाटाघाटी दोन वर्षं लोंबकळताहेत. कराराची मुदतही संपली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'थँक्सगिव्हिंगला सगळ्यांनी सिक टाका' असं चाललंय. वडील एसटीत होते, संप मी घरात पाहिलाय. कापलेल्या पगारासाठी एकटा कोर्टात जाऊ शकतो का?

उत्तर : आधी त्या ग्रुपचं बोलू, कारण धोका तिथे आहे. तो मेसेज पुढे पाठवू नका, त्याखाली अंगठाही टाकू नका. आणि घाबरून डिलीटही करू नका. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका वेगळाच बसेल.

तुमच्याच शहरातलं उदाहरण आहे. फेब्रुवारी 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांनी असंच घाऊक सिक टाकलं. डॅलसच्या कोर्टाने मनाई हुकूम दिला, तरी विमानं रद्द होतच राहिली. न्यायाधीशांनी युनियनला अवमानाबद्दल दोषी धरलं आणि साडेचार कोटी डॉलरच्या वर दंड लावला. ओव्हरटाइम न घेणं तरी सुरक्षित, असंही समजू नका. डेल्टाच्या पायलटांनी ठरवून ओव्हरटाइम नाकारला, तेव्हा 2001 मध्ये अपील कोर्टाने तेही रोखलं. खरंच बरं नसेल तर मात्र विमान उडवायचंच नाही. ड्यूटीसाठी तंदुरुस्त असणं ही कायद्याने तुमची स्वतःची जबाबदारी आहे. डॉक्टरचा कागद जपून ठेवा.

मुदत संपली म्हणजे आपण मोकळे, हा समजही सोडा. तुमच्यावर 1926 चा रेल्वे कामगार कायदा लागू होतो. 1936 पासून विमान कंपन्याही त्यात आहेत. या कायद्यात करार मुदतीने संपत नाही, फक्त बदलायला खुला होतो. तोवर 'जैसे थे'. कंपनीला पगार आणखी खाली नेता येत नाही, तुम्हाला संप करता येत नाही. संपाचं दार उघडणं सरकारी मध्यस्थी मंडळाच्या हातात असतं आणि त्याला कालमर्यादा नाही. मंडळाने लवाद सुचवला, कुणा एका बाजूने नाकारला, की 30 दिवस थांबायचं. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष मध्ये पडू शकतात. 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांचा संप क्लिंटन यांनी सुरू झाल्यावर काही मिनिटांतच थांबवला होता. एसटीच्या संपाचा अनुभव इथे कामाला येणार नाही.

आता पैशांचं. तुमचा राग मला समजतो. कंपनी वाचवायला ज्यांनी घास काढून दिला, त्यांनाच ती सावरल्यावर ताटकळत ठेवणं अन्यायाचंच आहे. पण कायद्याच्या नजरेत ही थकबाकी नाही. 1983 मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सने दिवाळखोरी पुढे करून करार झुगारले, म्हणून 1984 मध्ये दिवाळखोरी कायद्यात कलम 1113 आलं : आधी युनियनशी बोला, कपातीची गरज दाखवा, मगच कोर्टाकडे या. तुमच्या युनियनने तडजोड करून सही केली. त्यामुळे कमी झालेला दर हाच आज तुमचा कायदेशीर पगार आहे. 'वरचे द्या' असा एकट्याचा दावा टिकणार नाही.

एक शक्यता मात्र नक्की तपासा. कपातीचा मूळ करार आणि त्याला जोडलेली पत्रं काढा. नफा अमुक पातळीला गेला की दर पूर्ववत होईल, असं कलम कधी कधी मागच्या पानांत असतं. पायलट त्याला 'स्नॅपबॅक' म्हणतात. ते असेल आणि कंपनी पाळत नसेल, तर तो नव्या वाटाघाटींचा विषय राहत नाही. युनियनमार्फत ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याची लेखी तक्रार, दाखल करायचा. तो शेवटी सिस्टिम बोर्डापुढे, म्हणजे कराराच्या अर्थावरचे वाद सोडवणाऱ्या लवाद मंडळापुढे जातो, कोर्टात नाही.

युनियनवर दावा? तो साधारण सहा महिन्यांत करावा लागतो आणि जिंकणं अवघड. कॉन्टिनेन्टलच्याच पायलटांनी केला होता. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तडजोड वाईट निघाली एवढ्याने भागत नाही. मनमानी, भेदभाव किंवा अप्रामाणिकपणा दाखवावा लागतो.

मग जोर कुठे लावायचा? वाटाघाटी समितीवर. सुट्टीच्या दिवशी युनियनच्या फलकनिदर्शनात उभे राहा, संपाच्या मतदानात मत द्या. हे कायद्यात बसतं आणि कंपनी ते मोजते. डेल्टाच्या पायलटांनी 2004 अखेर 32.5 टक्के आणि 2006 मध्ये आणखी 14 टक्के कपात सोसली. 2023 च्या करारात त्यांना चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ मिळाली, तीही वाटाघाटींच्या टेबलावरच.

ग्रीव्हन्सची मुदत करारातच लिहिलेली असते आणि ती बहुतेकदा थोड्या दिवसांची असते. कंपनीचे नफ्याचे आकडे कधी जाहीर झाले ती तारीख आणि ही मुदत, दोन्ही आजच शेजारी ठेवून बघा.